चोवीस शेळ्यांची प्रथमोपचार पेटी : एप्रिल ते ऑगस्टच्या नोंदी

१८ एप्रिल

कळप असा: २४ उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड, अकरा करडं. ठिकाण धाराशिव जिल्हा. पशुवैद्यकीय दवाखाना नऊ किलोमीटरवर. डॉक्टर दिवसा तास-दीड तासात पोचतात, रात्र असली तर उजाडेपर्यंत थांबावं लागतं. पेटी करायची ती या मधल्या वेळासाठी. डॉक्टर येईपर्यंत जनावर तगलं पाहिजे, आणि आल्यावर त्यांना वजन, ताप आणि वेळ नीट सांगता आली पाहिजे. प्रतिजैविकं पेटीत ठेवायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

आधी जुनी पिशवी रिकामी केली. सतरा वस्तू निघाल्या. सहा मुदत संपलेल्या, तीन बाटल्यांवर लेबलच नाही. अर्धी वापरलेली प्रतिजैविकाची एक कुपी होती, सुई टोचून ठेवलेली. ती कधी उघडली हे कुणालाच सांगता येईना.

डायक्लोफिनॅकचीही एक कुपी निघाली, माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली. जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. तिन्ही नावं कागदावर लिहून भिंतीला लावली, कारण गावात आजही ‘तापाचं इंजेक्शन’ म्हणून कुणीही काहीही आणून देतं. डॉक्टरांनी त्याऐवजी मेलोक्सिकॅम लिहून दिलं. तेही फोनवर विचारल्याशिवाय टोचायचं नाही, आणि हगवणीने सुकलेल्या जनावराला तर नाहीच.

२० आणि २१ एप्रिल

खरेदीच्या आधी वजनं घेतली. काम तीन तासांचं धरलं होतं, दोन सकाळी गेल्या. पहिल्या दिवशी चारून आणल्यावर वजन केलं, पोटं भरलेली, आकडे फुगले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा घेतलं.

पद्धत: ५० किलोचा लटकता काटा आडव्या वाशाला टांगायचा, पोत्याची झोळी करून तिला चार पायांची भोकं पाडायची, शेळी झोळीत घालून उचलायची. माणसं दोन लागतात. झोळीचं वजन वजा करायला पहिल्या पाच शेळ्यांना विसरलो.

अंदाज आणि काटा यांतला फरक पाहून सगळेच गप्प झालो. जी शेळी २५ किलोची धरून इतके दिवस जंताचं औषध पाजलं जात होतं, ती ३३ किलोची निघाली. डॉक्टरांनी सांगितलेला डोस किलोला १० मिलिग्रॅम. २.५ टक्के अल्बेंडाझोलच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे तिला १३ मिली हवं होतं, मिळत होतं १० मिली. कमी डोसात जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. शिवाय गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल द्यायचं नाही, गर्भाला धोका असतो. म्हणून यादीत वजनासमोर बोकड दाखवल्याची तारीखही लिहिली.

काटा नसेल तर शिवणकामाचा टेप चालतो. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर २७ आणि लांबी २५ असलेल्या शेळीचं उत्तर २७.६ आलं, काट्यावर ती २८.५ भरली. एवढा फरक चालतो. मात्र शेवटच्या महिन्यातल्या गाभण शेळीला हे गणित लावू नये.

२३ एप्रिल

खरेदी. एकूण ३,९१० रुपये. पेटी ५५०, काटा ४२०, कापूस-गॉज-बँडेज-चिकटपट्टी मिळून ४१०, शंभर हातमोजे ३८०, दोन डिजिटल थर्मामीटर ३००. बाकीच्यात पोव्हिडोन आयोडीन, ओआरएसच्या दहा पुड्या, सिमेथिकॉनचं पोटफुगीचं औषध दोन बाटल्या, माशा दूर ठेवणारा जखमेचा स्प्रे, बोथट टोकाची कात्री, लांब चिमटा, डोक्याला बांधायची बॅटरी, ६० मिलीच्या चार सिरिंजा, लहान बाळांची १० नंबरची फीडिंग ट्यूब दोन नग, लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट), खाण्याचा सोडा, बोरोग्लिसरीन आणि मोरचूद (कॉपर सल्फेट).

बॅटरीवर पैसे घालताना कुरकुर झाली. शेळी रात्री आजारी पडली की एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने तोंड उघडता येत नाही, म्हणून आग्रहाने घेतली.

२५ एप्रिल

निरोगी शेळ्यांचा ताप मोजून ठेवला. आजारी शेळीचा आकडा समोर आल्यावर तो कशाशी ताडायचा, हे आधीच ठरलेलं बरं. सकाळी सहाला बहुतेक शेळ्या १०१.८ ते १०२.८ फॅरेनहाइट. दुपारी तीनला त्याच शेळ्या १०३.४ पर्यंत. म्हणून दुपारच्या १०३.५ वर घाबरायचं नाही, पण पहाटे तोच आकडा आला तर लक्ष ठेवायचं.

एका शेळीचा ताप सलग तीनदा ९९ च्या आसपास आला. शेळी मजेत रवंथ करत होती. चूक मोजण्यात होती, टोक लेंड्यांत रुतत होतं. थर्मामीटरला थोडं तेल लावून दीड-दोन इंच आत घालायचा आणि टोक किंचित तिरकं करून आतड्याच्या कडेला टेकवायचं. मागच्या टोकाला दोरा बांधून त्याला कपड्यांचा चिमटा लावला, तो शेपटीच्या केसांना अडकवायचा.

६ मे

सबंध पेटी फसली.

हाताशी असावी म्हणून शेडमध्ये पत्र्याखाली खुंटीला टांगली होती. आज दुपारी उघडली तर थर्मामीटर चालू करताच नुसता ‘एच’ दाखवायला लागला. दोन्हींचं तेच. बॅटरी गेली समजून नवी आणली, ४० रुपये गेले. खरं कारण असं की पेटीतली हवाच थर्मामीटरच्या मोजमापापेक्षा गरम झाली होती. घरात पंधरा मिनिटं ठेवल्यावर दोन्ही नीट चालू झाले. मलमाचं तेल सुटून वर आलं होतं, चिकटपट्टीचा डिंक पघळून गॉजला लागला होता. एक गॉजचा रोल आणि मलम टाकून दिलं.

पेटी आता घरात, माठाशेजारच्या फळीवर. शेडमध्ये फक्त दोरी, बादली आणि ‘पेटी घरात’ असं लिहिलेली पाटी.

सामान पुन्हा लावताना आणखी एक धोका दिसला. लाल औषधाची पुडी आणि बोरोग्लिसरीनची बाटली एकाच कप्प्यात, एकमेकांना खेटून. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन सांडलं तर ते आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. या दोन वस्तू जवळजवळ प्रत्येक पेटीत असतात, म्हणून मुद्दाम लिहितो. लाल औषध आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, पेटीबाहेर वेगळ्या डब्यात.

१४ मे

गावात लग्न. उरलेला भात आणि बुंदी उकिरड्यावर टाकली होती, संध्याकाळी तीन शेळ्या तिथपर्यंत गेल्या. रात्री साडेआठला एक दात खात, मान टाकून उभी दिसली.

पहिली चूक: पोट फुगलं म्हणून पोटफुगी समजलो आणि तेल पाजलं. दोन तास त्यातच गेले. डाव्या कुशीवर हात ठेवला असता तर फरक लगेच कळला असता. वायूने फुगलेली कूस नगाऱ्यासारखी ताठ लागते, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. भाताने भरलेली कूस भिजलेल्या कणकेसारखी. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो हळूहळू भरून येतो. पोटात आम्ल वाढलेलं असतं, तेलाचा काही उपयोग नाही.

साडेदहाला डॉक्टरांशी बोलून प्रत्येकीला २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यातून दिला. मोजायचा चमचा पेटीत नव्हता, अंदाजाने घातला. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. आता चमचाच पेटीत ठेवला आहे.

दुसरी चूक पाजण्यात. घाईत तोंड वर करून ओतलं, शेळीला ठसका लागला. नाकपुडी डोळ्याच्या वर जाता कामा नये, मान सरळ हवी. सिरिंजचं टोक गालाच्या बाजूने, दातांच्या मोकळ्या जागेतून जिभेवर ठेवायचं. एकावेळी १०-१५ मिली, गिळल्याचं गळ्यावर दिसलं की पुढचं. ठसका आला की लगेच मान सोडायची. पाणी फुप्फुसात गेलं तर त्या न्यूमोनियातून शेळी वाचणं अवघड. जी पडून आहे किंवा जिला गिळता येत नाही, तिला तोंडाने काहीच द्यायचं नाही.

डॉक्टर पहाटे आले, शिरेतून सलाईन लावलं. दोन वाचल्या. जिने जास्त खाल्लं होतं ती दुपारी गेली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, किती वाजता खाल्लं? उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून पेटीत वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. काय दिसलं, किती वाजता, काय दिलं, किती दिलं, असे चारच रकाने. झाकणावर दवाखान्याचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२.

२९ मे

आंत्रविषाराची लस टोचून घेतली, दुसरा डोस १५ जूनला. लस पेटीत ठेवायची वस्तू नव्हे. २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली तरच ती लस. दवाखान्यातून आणायला रुंद तोंडाचा थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या लागल्या, कुपी बर्फाला थेट टेकू नये म्हणून कागदात गुंडाळली. उघडलेल्या कुपीत थोडी लस उरली. ‘शेजारच्यांना देऊ’ असा विचार झाला, पण टाकून दिली. प्रत्येक शेळीला नवी सुई, वापरलेल्या सुया तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये.

१९ जून

पहिला पाऊस १२ तारखेला झाला. आठवड्यात बांधावर कोवळं गवत आलं. आज सकाळी दव असतानाच शेळ्या सोडल्या गेल्या, साडेदहाला एक फुगली. या वेळी कूस नगारा होती.

केलं ते असं. शेळीचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवले. कडुनिंबाची बोटभर जाड काडी लगामासारखी तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चावत राहते, लाळ सुटते, ढेकर येते. ६० मिली गोडेतेल सावकाश पाजलं, मग सिमेथिकॉनचं औषध बाटलीवरच्या मात्रेने. डाव्या कुशीला खालून वर चोळत राहिलो. वीस मिनिटांनी पहिली ढेकर, पाऊण तासात कूस खाली. वहीत वेळा आहेत, म्हणून इतकं नेमकं लिहिता येतं.

पोटात टोचून वायू काढायची नळी पेटीत ठेवावी का, यावर बराच खल झाला. ठेवली नाही. फेसाची पोटफुगी असेल तर नळीतून वायू निघत नाही. चुकीच्या जागी टोचली तर पोटातली घाण आत पसरते. ते काम डॉक्टरांचं.

प्रतिबंध फुकटचा आहे: दव उतरेपर्यंत सोडायचं नाही, सोडण्याआधी मूठभर कडबा किंवा तुरीचा भुसकट द्यायचा.

ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची विषबाधा वेगळी. तिथे शेळी काही मिनिटांत धापा टाकत कोसळते. पेटीतल्या कशाचाही उपयोग नाही, उतारा शिरेतून द्यावा लागतो. कुंपण हाच उपाय.

८ जुलै

कानातल्या बिल्ल्याच्या छिद्रात अळ्या पडल्या. जखम गव्हाच्या दाण्याएवढी, म्हणून चार दिवस कुणाच्या नजरेत आली नाही. शेळी कान झटकत होती आणि वास येत होता.

टर्पेंटाइन यादीत नव्हतं, साठ रुपयांची बाटली आणली. पहिल्यांदा बोळा चिंब भिजवून लावला, ओघळ गालावर आला आणि कातडी भाजल्यासारखी लाल झाली. बोळा भिजवून घट्ट पिळायचा, फक्त छिद्रात बसवायचा, भोवती आधी व्हॅसलीन लावायचं. पाच-सात मिनिटांत अळ्या हवेसाठी बाहेर तोंड काढतात. चिमट्याने एकेक काढली, बावीस निघाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी सहा. एका दिवसात काम संपलं असं कधीच समजू नये.

नंतर लाल औषधाने धुतलं. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, त्याहून दाट नको. दाट पाणी जखम जाळतं. तोंडाच्या आतलं धुवायचं तर आणखी फिकट, जेमतेम गुलाबी. वाळवून जखमेभोवती स्प्रे. पावसाळ्यात बिल्ले मारू नयेत, हे दवाखान्यात आधीच विचारायला हवं होतं.

१५ जुलै

चिखलाने चार शेळ्या लंगडल्या. खुरांच्या बेचक्यात पांढरट मऊ कातडी आणि वास. मोरचूद ५ टक्के: १ लिटरला ५० ग्रॅम. लोखंडी घमेल्यात केलं तर घमेलं खराब झालं आणि द्रावणही बाद, तांबं लोखंडावर बसतं. प्लॅस्टिकचं टब घ्यावं. खूर आधी धुवायचे, पाच मिनिटं उभं करायचं, मग कोरड्या जागेत बांधायचं. त्याआधी शेळ्यांना पोटभर पाणी पाजायचं, तहानलेली शेळी हे पाणी पिते आणि तांब्याची विषबाधा होते.

२४ जुलै

चार करडं जन्मली. नाळेला कापसाने आयोडीन लावलं होतं, पैकी एकाची नाळ तिसऱ्या दिवशी सुजली. कापसाने फक्त बाहेरची बाजू ओली होते. आता औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण आयोडीनने भरायचं, दोन इंच राखलेली नाळ त्यात पूर्ण बुडवून झाकण पोटाला टेकवायचं आणि बारा तासांनी पुन्हा.

एक करडू २.२ किलोचं, उठेना. चीक पहिल्या तासात पोटात जायला हवा आणि २४ तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे याला २२० मिली. पण ताप ९७ होता. गार करडाला नळीने दूध घालायचं नाही, ते पचत नाही. आधी कोमट पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. दीड तासाने १००.५ झाला, मग नळी.

नळी नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून तिथे चिकटपट्टीची खूण करायची. तोंडाच्या कडेने हळू सरकवायची, करडू गिळत जातं. गळ्याच्या डाव्या बाजूला नळी बोटाला लागते. करडू ओरडू शकलं तर ती श्वासनळीत नाही. खात्री नसेल तर काढून पुन्हा घालायची. ५० मिली चीक सिरिंजच्या दट्ट्याने न ढकलता, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू दिला. काढताना नळी चिमटून काढायची, नाहीतर टोकातले थेंब फुप्फुसात जातात. चौथ्या वेळेनंतर करडू स्वतः प्यायलं.

२ ऑगस्ट

दीड महिन्याच्या करडांना हगवण, एकाच्या शेणात रक्त. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंद तशीच उभी राहिली. ओआरएस सुरू केलं: पुडी एक लिटरची, तर एक लिटरच पाणी. इथे गडबड झाली होती, कुणीतरी अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात घातली. पाच किलोच्या करडाला दिवसभरात ४०० मिली, थोडं थोडं करून. दूध चालू ठेवलं, पण दूध आणि ओआरएस यांत दोन तासांचं अंतर.

शेण दोन स्वच्छ डब्यांत, थेट गुदद्वारातून घेतलेलं. जमिनीवरचं उचललेलं चालत नाही. तपासणीत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले, औषध डॉक्टरांनी दिलं. हीच हगवण जंतांची धरून अल्बेंडाझोल पाजलं असतं तर आणखी तीन दिवस गेले असते. नमुन्याचे सहा डबे पेटीत वाढवले.

९ ऑगस्ट

दोन करडांच्या ओठांवर मावा, म्हणजे विषाणूमुळे येणारे खपल्यांचे फोड. बोरोग्लिसरीन लावतो आहोत, खपल्या ओढून काढायच्या नाहीत. हा विषाणू माणसाच्या हातालाही होतो, म्हणून शंभर हातमोज्यांचे पैसे आज सार्थकी लागले. मोजे पुरले जातात, पडलेल्या खपल्याही, कारण वाळलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आयांच्या सडांवर रोज नजर.

१७ ऑगस्ट

चार महिन्यांत पेटीवर एकूण ४,४६० रुपये. सर्वांत जास्त वापर थर्मामीटर, वही आणि ६० मिलीच्या सिरिंजचा. सिरिंजच्या रबराला तेल लागलं की ती अडकते, चारपैकी तीन बाद झाल्या. पाजायच्या सिरिंजवर लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे ती चुकून दुसऱ्या कामाला जात नाही.

झाकणाच्या आत चिकटवलेला कागद: ताप सकाळी १०२ ते १०३, श्वास मिनिटाला १५ ते ३०, नाडी ७० ते ८०, डाव्या कुशीत मिनिटाला एक-दोन वेळा पोटाची हालचाल. खालच्या पापणीचा रंग लालसर गुलाबी. पांढरट दिसला आणि जबड्याखाली पाणी साठलं, तर रक्त पिणारे जंत, त्याच दिवशी डॉक्टर. खाली प्रत्येक शेळीचं नाव आणि ताजं वजन.

१ सप्टेंबरला करायचं: सिरिंजा चार, ओआरएस सहा पुड्या, पोव्हिडोन एक बाटली. सिमेथिकॉनच्या दुसऱ्या बाटलीची मुदत ऑक्टोबरला संपते, ती बदलणे. करडांची वजनं पुन्हा घेणे.